सामुदायिक बागेत भाजीपाला पिकवायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातल्या मोकळ्या जागेवर, गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात शेजाऱ्यांनी मिळून भाजीपाला पिकवायचा आणि पिकवता पिकवताच शिकायचे, या पद्धतीने चालणाऱ्या कार्यशाळांना येण्याआधी आणि पहिल्या काही आठवड्यांत लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बरीच वर्षे अशा कार्यशाळांत शिकवताना एक गोष्ट लक्षात आली, की पहिल्याच दिवशी ‘कोणते खत चांगले?’ असे विचारणारे पुष्कळ असतात आणि ‘पाणी कधी देऊ नये?’ असे विचारणारा क्वचितच भेटतो. कोणत्या उत्तराला जास्त जागा द्यायची, हे या अनुभवावरून ठरवले आहे.

कार्यशाळेत नेमके काय शिकवले जाते?

वाफा तयार करणे, बी पेरणे, रोपे वाढवून त्यांची पुनर्लागवड करणे, पाणी व खत देणे, वेलींना आणि उंच झाडांना आधार देणे, कीड ओळखणे, तोडणी करणे आणि पुढच्या हंगामासाठी बी राखणे, असा हा क्रम असतो. एका दिवसाची कार्यशाळा ओळख करून देण्यापुरती ठीक असते. खरे शिक्षण मात्र पिकाच्या वाढीला धरून आखलेल्या सत्रांतून होते, कारण विरळणी शिकवायची तर विरळणीला आलेली रोपे समोर असावी लागतात आणि टोमॅटोची बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी फूट, कोणती हे चित्रावरून कितीही वेळा समजावले, तरी झाडासमोर उभे राहिल्यावर नवखा माणूस नेमका शेंडाच खुडतो. म्हणून कार्यशाळा निवडताना विषयांच्या यादीपेक्षा वेळापत्रक आधी पाहावे. सगळे विषय सलग दोन दिवसांत उरकलेले असतील, तर शिकणाऱ्याच्या हाती माहितीपत्रकापलीकडे फारसे काही पडत नाही.

व्हिडिओ पाहून किंवा पुस्तक वाचून हे शिकता येत नाही का?

माहिती जरूर मिळते आणि ती मिळवावीही. पण ‘माती ओलसर ठेवावी’ या वाक्यातला ओलसरपणा किती, हे बोटाला कळावे लागते. शिवाय सामुदायिक बागेचा एक मोठा लाभ असा, की तेथे एकाच दिवशी, एकाच पाकिटातले बी दहा-बारा जण पेरतात आणि तीन आठवड्यांनी प्रत्येक वाफा वेगळा दिसतो. कोणाचे बी खोल गेले, कोणी दाट पेरले, कोणाच्या वाफ्यावर दुपारनंतर भिंतीची सावली पडते, हे सगळे एका फेरीत नजरेस पडते. घरी एकट्याने बाग करणाऱ्याला स्वतःच्याच चुका दिसतात, त्याही वर्षाला दोन-तीनच. येथे इतरांच्या चुकाही पाहायला मिळतात आणि त्यांच्याविषयी बोलायला ते लोक शेजारीच उभे असतात.

शहरात शेजाऱ्यांनी मिळून भाजी पिकवण्याची ही पद्धत नवी आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या शहरांत अंगणे, उद्याने आणि रिकाम्या जागा मोठ्या प्रमाणावर भाजीपाल्याखाली आल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सहकाऱ्यांनी बोअरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्याने भरलेली जागा साफ करून तेथे बाग उभी केली, ती बाग आज तिच्याच नावाने ओळखली जाते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर क्यूबाला इंधन आणि रासायनिक खते मिळेनाशी झाली, तेव्हा हवाना शहरात कडेने बांधलेल्या उंच वाफ्यांमध्ये कंपोस्ट भरून भाजीपाला घेतला जाऊ लागला. आपण आज जो गादीवाफा करतो, तो त्याच जातीचा आहे.

पूर्वी कधीच काही लावलेले नसेल तर चालेल का?

चालेल. उलट अशा माणसाला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत.

किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्यातून दोनदा अर्धा तास हा रविवारी सलग चार तास देण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. काकडी किंवा भेंडी तोडणीला आली की दोन दिवसांत जून होते, आणि मावा ही बारीक, मऊ कीड आठवडाभर दुर्लक्षित राहिली तर कोवळे शेंडे पूर्ण वेढून टाकते. ज्यांना दर आठवड्याला येणे अशक्य आहे, त्यांनी एखाद्या शेजाऱ्याबरोबर जोडी करून एकच वाफा घ्यावा.

पहिल्या हंगामात काय लावावे?

लवकर उगवणारे आणि लवकर हाती येणारे काहीतरी असावे, म्हणजे धीर टिकतो. मुळ्याचे बी बहुधा तीन ते पाच दिवसांत वर येते आणि लहान गोल जातींचे मुळे महिनाभरात काढता येतात. पालक साधारण पाच-सहा आठवड्यांत खुडायला येतो आणि बाहेरची पाने खुडून मधला गाभा राखला, तर तो पुनःपुन्हा पाने देतो. घेवड्याचे बी मोठे असल्यामुळे हाताळायला सोपे असते. टोमॅटोचा मोह कोणालाच आवरत नाही, तर तोही लावावा. मात्र पुनर्लागवडीनंतर पहिले फळ पिकायला दोन ते अडीच महिने लागतात, हे आधीच जाणून असावे. गाजर आणि फुलकोबी पहिल्या वर्षी टाळलेले बरे.

थंड हवेची पिके आणि उष्ण हवेची पिके असे दोन गट ध्यानात ठेवले, की पुष्कळ निराशा टळते. पालक, मुळा, लेट्यूस आणि वाटाणा यांना थंडावा मानवतो आणि ऊन तापू लागले की पालक व लेट्यूस पाने सोडून फुलोऱ्यावर जातात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि काकडी यांना उबदार माती लागते.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी मुळ्याचे अख्खे पाकीट एकाच सकाळी पेरले. उगवण उत्तम झाली, सगळे मुळे एकाच आठवड्यात तयार झाले, आणि शेजारपाजार मला टाळू लागला. तेव्हापासून मी दर दहा दिवसांनी एकच ओळ पेरतो.

ऊन किती हवे?

फळभाज्यांना दिवसातून सहा ते आठ तास थेट ऊन लागते. पालेभाज्या चार तासांतही बऱ्यापैकी येतात. जागेचे ऊन अंदाजाने ठरवू नये. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावलीची कड खडूने किंवा दगडांनी आखून पाहावी आणि काही महिन्यांनी पुन्हा आखावी, कारण सूर्याचा मार्ग सरकतो आणि शेजारच्या इमारतीची सावली भलत्याच वाफ्यावर येते.

शहरातली माती भाजीसाठी सुरक्षित असते का?

प्रत्येक वेळी नसते, म्हणून हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे. जुन्या इमारतींच्या रंगात शिसे असे आणि गाड्यांच्या पेट्रोलमध्येही ते कित्येक दशके मिसळले जाई. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणे जगातून २०२१ साली थांबले. पण शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही आणि जे मातीच्या वरच्या थरात पडले ते तेथेच राहते. जुन्या भिंतीलगतची, वर्दळीच्या रस्त्याकडेची किंवा पूर्वी कारखाना, गॅरेज अथवा कचरा असलेली जागा निवडली असेल, तर लागवडीआधी मातीची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी आणि त्यात जड धातूंची चाचणी स्पष्टपणे मागावी, कारण नेहमीच्या सुपीकतेच्या तपासणीत ती नसते.

धोका बहुतांशी पोटात जाणाऱ्या मातीच्या कणांतून येतो. म्हणून कंदमुळे आणि जमिनीलगतच्या पालेभाज्या अधिक जोखमीच्या ठरतात, तर टोमॅटो, घेवडा, काकडी अशी उंचावर लागणारी फळे त्या मानाने बरी. शंका असेल तेथे जमिनीवर जाड कापड अंथरून त्यावर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा गादीवाफा करावा, वाटांवर लाकडाचा भुसा किंवा पाचोळा पसरून धूळ दाबावी आणि लहान मुलांना बागेतून गेल्यावर हात धुवायला लावावेत.

वाफ्यात किंवा कुंडीत काय भरावे, आणि किती खोल?

निम्मी चांगली माती, साधारण एक तृतीयांश मुरलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि उरलेल्या भागात निचऱ्यासाठी भरड वाळू किंवा हलकेपणासाठी कोकोपीट, हे प्रमाण सुरुवातीला पुरे. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर खोली भागते. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना किमान ३० सेंटिमीटर द्यावी. कुंडीच्या तळाशी खडे भरले की निचरा सुधारतो, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते वरच साचून राहते आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते ती वेगळीच. तळाला भोके आणि त्यांवर जाळीचा तुकडा एवढे पुरेसे आहे.

गच्चीवर बाग करता येईल का?

करता येते, पण आधी वजनाचा हिशेब करावा. एक चौरस मीटरचा वाफा ३० सेंटिमीटर खोल भरला, तर त्यात ३०० लिटर माती मावते आणि साधी बागेची माती ओली झाल्यावर तिचे वजन ५०० किलोच्या आसपास जाते. असे दहा वाफे म्हणजे पाच टन. तेव्हा संरचना अभियंत्याचे मत घेतल्याशिवाय गच्चीवर वाफे बांधू नयेत, हलके मिश्रण वापरावे आणि जड कुंड्या मध्यभागी न ठेवता तुळया व खांबांच्या वर येतील अशा रीतीने ठेवाव्यात. पाणी जिरण्याचे संकटही असते. वाफा थेट स्लॅबवर न टेकवता थोडा उचललेला असावा, म्हणजे खालून हवा खेळते आणि गळती झाल्यास ती वेळीच दिसते.

पाणी किती आणि कधी द्यावे?

या प्रश्नाचे उत्तर लिटरमध्ये मागितले जाते आणि ते तसे देता येत नाही. सामुदायिक बागांत जी रोपे मरतात, त्यांतली पुष्कळशी तहानेने मरत नाहीत, ती प्रेमाने मरतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत काही पाणी आणि काही हवा असावी लागते, कारण मुळेही श्वसन करतात. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि मग पाणी वर ओढण्याचे थांबते. अशा वेळी पाने लोंबतात. ती पाहून माळी घाबरतो आणि आणखी एक झारी ओततो.

मराठीत यासाठी ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे: मातीत पुरेसा ओलावा असावा, पण तिच्यात हवाही खेळती असावी. वाफसा ओळखायचा सराव आम्ही पहिल्याच सत्रात करून घेतो. बोटाच्या दोन पेरांइतक्या खोलीवरची मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. पाणी ओघळले किंवा बोटे चिखलाने माखली, तर वाफ्याला हात लावू नये. लाडूसारखा गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारताच तो तीन-चार ढेकळांत फुटला, तर तोच वाफसा. खुरपणी, पेरणी, पुनर्लागवड सगळे याच वेळी करावे. गोळा होतच नसेल, तर पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा खोलवर मुरेल इतके द्यावे. रोज शिंतोडे मारले तर मुळे वरच्या दोन बोटांतच पसरतात आणि एका कडक दुपारी माना टाकतात.

दुपारी पाने मलूल दिसणे हे पाण्याच्या गरजेचे पक्के लक्षण नव्हे. भोपळा आणि काकडीची मोठी पाने भर उन्हात लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. सकाळीही लोंबलेलीच दिसली, तर बोट मातीत घालून पाहावे. पाणी शक्यतो सकाळी आणि पानांवर न ओतता बुडाशी द्यावे, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. वर पाच सेंटिमीटर पाचोळ्याचे आच्छादन घातले, तर निम्मी चिंता मिटते.

बी किती खोल पेरावे? उगवलेली रोपे अचानक बुडाशी बारीक होऊन आडवी का पडतात?

बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोली हा नियम बहुतेक भाज्यांना लागू पडतो. लेट्यूसचे बी उजेडात चांगले उगवते, म्हणून ते मातीवर टाकून केवळ दाबतात. मिरचीला उगवायला दोन आठवडेही लागतात. आठव्या दिवशी माती उकरून पाहू नये.

रोपे आडवी पडतात ती रोपकुजीमुळे. मातीतल्या बुरशीसदृश जीवांना सतत ओली, दाट आणि वारा नसलेली जागा मिळाली की ती फैलावते, आणि एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही. स्वच्छ ट्रे, विरळ पेरणी, खालून पाणी पाजणे आणि पृष्ठभाग मधूनमधून सुकू देणे हे उपाय आधी करायचे असतात. सावलीत वाढलेली रोपे एकदम उन्हात लावू नयेत. सात ते दहा दिवस रोज थोडे अधिक ऊन देत त्यांना काटक करावे.

झाड जोमाने वाढते, फुलेही येतात, मग फळ का धरत नाही?

कारणे तीन-चार असतात आणि ती एकेक करून पाहावी लागतात. नत्र जास्त झाले असेल, तर झाड गर्द हिरवे आणि पानांनी लदलेले दिसते, पण फळाकडे वळत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले किंवा रात्री फार उबदार झाल्या, तर टोमॅटोची फुले गळतात. तेथे थोडी सावली करणे आणि थांबणे एवढेच हाती असते. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते, मात्र पराग सुटायला कंप लागतो. वारा न लागणाऱ्या कोपऱ्यातल्या झाडाच्या फुलांच्या झुबक्याला सकाळी उशिरा हलकी टिचकी मारावी.

काकडी आणि भोपळ्याची गोष्ट वेगळी. त्यांच्यात नर आणि मादी फुले स्वतंत्र असतात आणि बहुधा आधी नुसती नर फुलेच येतात व गळून पडतात; हे पाहून दरवर्षी कोणीतरी वेल उपटायला निघते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ चिकटलेले असते. मधमाश्या फिरकत नसतील, तर सकाळी उमललेले नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, त्यातला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा डाग पडत असेल, तर तो रोग नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही त्याचे ते चिन्ह आहे, आणि पुष्कळदा मूळ कारण पाण्यातली अनियमितता हेच असते.

कीड लागली तर काय फवारावे?

आधी भिंग घेऊन पाहावे. पानाच्या मागे हिरवे किंवा काळे मऊ ठिपके चिकटलेले असतील तर तो मावा. त्याच्या माद्या उबदार हवेत नराशिवाय थेट पिले देतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली, तर वर मावा आहे असे समजावे, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

त्याच पानावर करडी-काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची आणि सुसरीच्या पिलासारखी दिसणारी अळी आढळली, तर तिला मारू नये. ती लेडीबर्ड ढालकिड्याची अळी असते आणि मावा खाऊनच मोठी होते. नवशिके नेमकी तीच आधी चिरडतात, कारण ती दिसायला भयंकर आणि मावा गरीब बापडा.

मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोराने धुऊन काढावा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूस फवारावा. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. कोणतेही मिश्रण आधी एका पानावर टाकून एक दिवस वाट पाहावी. रासायनिक कीटकनाशक कोणीही परस्पर मारू नये, कारण फवारा वाफ्याची हद्द पाळत नाही आणि शेजारच्या वाफ्यातला पालक कदाचित त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी ताटात जाणार असतो.

कंपोस्टला वास का येतो?

अमोनियासारखा झोंबरा वास येत असेल तर हिरवा, नत्रयुक्त माल जास्त झाला आहे. वाळलेली पाने किंवा कागदाचे तुकडे मिसळावेत. कुजक्या अंड्यांसारखा येत असेल तर हवा मिळत नाही, ढीग उलथावा. कर्ब आणि नत्र यांचे २५ ते ३० ला १ हे गुणोत्तर साधते, ते साधारणपणे एक भाग ओल्या मालाला दोन-तीन भाग सुका माल या मापाने. एक घनमीटरच्या आसपासचा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. बादलीतले कंपोस्ट तेवढे तापत नाही, म्हणून त्यात तणांचे बी किंवा रोगट झाडे घालू नयेत.

कामाची आणि भाजीची वाटणी कशी होते?

दोन पद्धती आहेत: प्रत्येकाला स्वतंत्र वाफा, किंवा सगळे वाफे सामाईक. शिकणाऱ्यांसाठी पहिला हंगाम सामाईक असावा असे माझे मत आहे, कारण स्वतंत्र वाफा मिळताच माणूस इतरांच्या वाफ्याकडे बघेनासा होतो. सामाईक बागेत मात्र दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. एक, तोडणीचा दिवस आणि वाटा. हे बोलण्यावर सोडले की पहिला पिकलेला टोमॅटो भांडण लावतो. दुसरी, पाण्याची पाटी: ज्याने पाणी दिले त्याने बागेच्या दारावरच्या पाटीवर वाफा आणि वेळ लिहायची. ही पाटी नव्हती तेव्हा आमच्याकडे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असे दोघे जण, एकमेकांना न कळता, मिरचीच्या एकाच वाफ्याला महिनाभर पाणी देत होते. मिरची गेली.

वृद्धांना आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना सहभागी होता येईल का?

होय. वाफा ६० ते ७५ सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतका अरुंद आणि भोवतीची वाट टणक व किमान ९० सेंटिमीटर रुंद असावी.

आपल्याच झाडांचे बी पुढच्या वर्षी वापरता येईल का?

पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिले असेल, तर त्याच्या बियांपासून येणारी झाडे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. सरळ वाणांपैकी टोमॅटो, घेवडा आणि वाटाणा यांचे बी राखणे सोपे, कारण ती बहुतांशी स्वपरागित आहेत. भोपळे एकमेकांशी सहज संकरित होतात. टोमॅटोचे बी गरासकट पाण्यात दोन-तीन दिवस आंबवावे, वरचा फेस काढून बुडाशी बसलेले बी धुवावे आणि कागदावर न पसरता ताटलीत वाळवावे, नाहीतर ते कागदाला चिकटून बसते. जुने बी पेरण्याआधी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून किती उगवतात ते पाहावे. पाचच उगवले तर दुप्पट दाट पेरावे.

यातून भाजीचा खर्च वाचतो का?

पहिल्या वर्षी नाही. माती, अवजारे आणि चुका यांतच पैसे जातात. पुढे पालेभाज्यांत वाचतो, कारण त्या थोड्या जागेत वारंवार निघतात. बटाटा आणि कांदा यांना शहरातली मोलाची जागा देण्यात हिशेब बसत नाही.

कार्यशाळा संपल्यावर घरी सुरुवात कशी करावी?

एक पेटी, एक पीक आणि सर्वांत जास्त ऊन पडणारी एक जागा घ्यावी. तिला पाणी घातले त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. काही बिघडले आणि कारण उमगले नाही, तर बिघडलेले पान तोडून बागेत घेऊन यावे. सोबत त्याच झाडाचे एक निरोगी पान आणावे, आणि दोन्ही तोंड बांधलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, म्हणजे घरची कीड बागेत उतरणार नाही.